वाक्यात उपयोग करा

हत्तुरे सरांच्या फळ्यावर माझं नाव एकदाच आलं. कुठल्या शब्दाखाली आलं ते मी इथे सांगणार नाही. अर्थ बरोबर होता, वाक्यही बरोबर होतं, आणि त्यानंतर आठवडाभर मी कामावर मागच्या बोळातून जात होते, एवढ्यावर समजून घ्यावं.

सोलापूरच्या पूर्व भागातली आमची गल्ली. दोन्ही बाजूंना चिकटून घरं, काही घरांच्या मागे यंत्रमागांच्या शेड, टोकाला पाण्याची टाकी. मल्लिनाथ हत्तुरे सर आमच्या शेजारच्या घरात राहायचे. मूळचे अक्कलकोटकडचे, पण लहानपणीच इथे आलेले, आणि सगळी नोकरी सोलापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. ते निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या भिंतींवर स्मार्ट बोर्ड आले होते आणि जुने फळे व्हरांड्यात रचून ठेवले होते. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाल्यावर सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्यांनी त्यातला एक फळा मागितला. सर भावुक झाले असं समजून मुख्याध्यापकांनी डोळे पुसले. सर भावुक वगैरे काही झाले नव्हते, त्यांना फळा पाहिजे होता. हातगाडीवर घालून तो घरी आणला आणि वाटेत ओरखडे पडू नयेत म्हणून सत्काराची शाल त्याच्यावर घातली. माझ्या माहितीत सत्काराच्या शालीचा कोणी काही उपयोग केल्याची ही एकच हकिकत आहे.

दाराशेजारी लाइटच्या मीटरखाली तो फळा टांगला गेला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर रोज तीन ओळी यायला लागल्या. पहिल्या ओळीत इंग्रजी शब्द, दुसरीत मराठी अर्थ, तिसरीत वाक्य. सकाळी आंघोळ, मग विभूती, मग खडू. कपाळावर विभूती किती आणि खडू किती हे दुपारपर्यंत सांगता यायचं नाही. अक्षर मात्र असं, की गल्लीतले लोक रांगोळीला पाय लागू नये तसे फळ्यापासून अंतर ठेवून चालायचे.

शाळेच्या पेपरात 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' असा प्रश्न असतो. आम्ही सगळ्यांनी तो अर्थ लिहून आणि वाक्य ऑप्शनला टाकून सोडवलेला आहे. सरांचा जीव त्या वाक्यावर. ते म्हणायचे, अर्थाचं काय, डिक्शनरी विकत घेतली की सगळे अर्थ एका दिवसात घरी येतात. उपयोग विकत मिळत नाही, तो बघावा लागतो. म्हणून त्यांचा नियम होता की ज्या शब्दाचा उपयोग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नाही तो फळ्यावर लिहायचा नाही. स्नो, बीच, क्रिसमस हे शब्द आमच्या फळ्यावर कधी आले नाहीत. ड्रेनेज मात्र सगळ्या काळांत येऊन गेलं. ड्रेनेज ओव्हरफ्लोज, ओव्हरफ्लोड, हॅज बीन ओव्हरफ्लोइंग. 'आता थांबेल असंही एकदा लिहा की, तेवढाच धीर येतो,' असा गायकवाड मामांनी आग्रह केला, तेव्हा सर म्हणाले, 'लिहितो. साक्षीदार आणा.'

हे गायकवाड मामा म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले आमच्या गल्लीचे पुढारी. गल्लीच्या फोनवरच्या ग्रुपचे चालक-मालक तेच. सकाळच्या शुभेच्छांपासून कोणाच्या घरी पाणी कमी दाबाने येतं इथपर्यंत सगळं त्यांच्या हातून जातं. त्यांनी सरांची शिडी नेली होती, परत द्यायची चिन्हं नव्हती. सर मागायला गेले नाहीत. तो फळा सोडला तर मागणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एका सकाळी फळ्यावर 'रिलक्टंट' आला. अर्थ : मन नसलेला, नाखूश. वाक्य : मिस्टर गायकवाड इज रिलक्टंट टू रिटर्न द लॅडर. शाळा भरायच्या आत शिडी सरांच्या भिंतीला टेकलेली होती. मामा कमरेवर हात ठेवून म्हणाले, आता पुसा. सरांनी फडकं घेतलं, वाक्यातला 'इज' पुसला, तिथे 'वॉज' लिहिलं आणि घरात गेले.

अशा वाक्यांनी लोक चिडायचे, पण वाचायचं कोणी सोडलं नाही. उलट घराबाहेर पडायच्या आधी आज कोणाचं नाव आहे ते बघून यायला घरातलं एखादं माणूस पुढे पाठवलं जायचं. गल्लीतल्या सुना सासवांविषयीची वाक्यं तोंडपाठ करायच्या. आमच्या गल्लीचं इंग्रजी सुधारलं असेल तर ते ज्ञानाच्या ओढीने नाही, शेजारच्याच्या घरात काय चाललंय या ओढीने सुधारलं. सरांना ते माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

माझी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. परदेशी गिऱ्हाइकांच्या इंग्रजी मेलना उत्तरं देणं हे माझं काम, त्यामुळे सरांकडे माझं येणंजाणं. एकदा आमच्या नमुन्याच्या टॉवेलवर एका मोठ्या गिऱ्हाइकाचं उत्तर आलं की तुमचा माल 'ॲडिक्वेट' आहे. मालकांनी स्वतः अर्थ शोधला. पुरेसा, योग्य. त्यांनी लगेच पेढे मागवले. मी माझा पेढा घेऊन संध्याकाळी सरांकडे गेले आणि आनंदाची बातमी सांगितली. सरांनी पेढा तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि मग विचारलं, 'अक्कांनी तुला ताटात कडक भाकरी, शेंगा चटणी वाढली आणि कशी झालीय म्हणून विचारलं. तू म्हणालीस, पुरेशी आहे. दुसऱ्यांदा बोलावतील का तुला जेवायला?'

अक्का म्हणजे सरांच्या बायको. त्या आतून म्हणाल्या, 'बोलवेन की. पण चटणी नाही देणार.'

दुसऱ्या दिवशी मी मालकांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, अहो, वाटलेले पेढे आता परत घेता येतात का? ते गिऱ्हाईक पुन्हा कधी आलं नाही.

सर घरात अक्कांशी कानडी बोलायचे, गल्लीत शाळेतलं शुद्ध मराठी बोलायचे आणि इंग्रजी फक्त लिहायचे. बँकेतून इंग्रजीत फोन आला तर समोरच्या मुलीला तिचं गाव विचारून तिला मराठीवर आणायचे. माझ्यासारखी वयाने लहान माणसं सोडली तर गल्लीतल्या सगळ्यांना ते अहो-जाहो करायचे, आणि गल्ली त्यांना सर म्हणायची. एकच माणूस त्यांना अरे-तुरे करायचा आणि वर मल्ल्या म्हणायचा. ते समोरच्या घरातले अंबादास येमूल, आमचे अण्णा.

अण्णा तेलुगू घरातले, वडिलांपासून विणकर. दोघं एका बाकावर शिकले. नंतर सर पुढे शिकत राहिले आणि अण्णांना शाळा सोडून मागावर उभं राहावं लागलं. घरामागच्या शेडमध्ये त्यांचे स्वतःचे माग होते, त्यावर टॉवेल निघायचे. दोघांच्याही घरात मराठी ही बाहेरून आलेली भाषा, पण दोघं एकमेकांशी बोलायचे ते मराठीतच. अण्णांना शाळा सुटल्याची रुखरुख होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही. फळा लागला तसे ते रोज सकाळी हातात चहाचा पेला घेऊन रस्ता ओलांडून यायचे, एकेक अक्षर जुळवत शब्द मोठ्यानं वाचायचे, अर्थ वाचायचे, आणि मग स्वतःचं एक वाक्य करायचे. ते वाक्य नेहमी मागाचं असायचं. द लूम इज हंग्री. द लूम इज अँग्री. टुडे द लूम इज रिलक्टंट. 'बरोबर हाय का बघ मल्ल्या,' असं ते म्हणायचे आणि सर 'करेक्ट' म्हणायचे. सरांच्या तोंडून करेक्ट ऐकायला मिळालेला दुसरा माणूस मला माहीत नाही. मला तर नेहमी 'चालेल' मिळायचं.

मागांचा आवाज आमच्या गल्लीत इतका सवयीचा होता की तो बंद पडला की लोक जागे व्हायचे. पुढे पुढे तो जास्त वेळा बंद पडायला लागला. ऑर्डरी मोठ्या कारखान्यांकडे गेल्या, कामगार निघून गेले, आणि एका वर्षी अण्णांची शेड गप्प झाली ती झालीच. अण्णांनी सगळ्यांना सांगितलं की इचलकरंजीची पार्टी आलीय, चालू माग उचलून नेणार आहे, तिकडे ते पुन्हा चालणार आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलालाही त्यांनी हेच सांगितलं. वडिलांनी घेतलेले माग भंगारात वजनावर चालले आहेत हे त्यांनी एकट्या सरांना सांगितलं होतं. सरांनी ते पोटात ठेवलं, अक्कांनाही सांगितलं नाही. एवढं मात्र खरं की एका नव्या शब्दाचा उपयोग त्यांच्या डोळ्यांसमोर घडला होता, आणि उपयोग घडल्यावर सरांना राहवायचं नाही.

त्या सकाळी फळ्यावर 'ऑब्सोलीट' होता. अर्थ : कालबाह्य, काळाच्या मागे पडलेला. वाक्य : अंबादासेज लूम्स आर ऑब्सोलीट.

मी दारात केस विंचरत उभी होते. अण्णा पेला घेऊन आले. नेहमीसारखं एकेक अक्षर जुळवून त्यांनी शब्द वाचला, मग अर्थ वाचला, मग वाक्य वाचलं. वाक्यात कुठेही अडले नाहीत. इतकी वर्षं सरांनीच शिकवलं होतं, अडतील कशाला? सर बाजूला खडूचे हात झटकत उभे होते, 'करेक्ट' म्हणायच्या तयारीत. अण्णांनी स्वतःचं वाक्य केलं नाही. म्हणाले, 'वाक्य बरोबर हाय मल्ल्या,' आणि चहा तसाच घेऊन घरात गेले. दुसऱ्या दिवशी ते फळ्यापाशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही.

सरांना पहिले काही दिवस काही कळलंच नाही. मग कळलं तेव्हा राग आला, आणि तो अण्णांचा आला. वाक्यात चूक दाखवा, असं ते भेटेल त्याला म्हणायचे. भंगाराचं मी एका अक्षराने बोललो आहे का? शब्द बरोबर, अर्थ बरोबर, माग कालबाह्य आहेत हे तो स्वतःच रोज म्हणतो. अण्णा म्हणतात ते वेगळं आणि तुम्ही चौकातल्यासारखं लिहिलंत ते वेगळं, असं मी एकदा म्हटलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा त्या विषयात पडले नाही. गल्लीतले बाकी लोक मात्र दोन्ही घरांत जाऊन दोन्हीकडे हो म्हणत होते, तशी आमच्याकडे पद्धतच आहे. माग ताडपत्री घालून कधी गेले तेही कोणी विचारलं नाही. असा पावसाळा गेला, दसरा-दिवाळी गेली. समोरासमोरची दारं, त्यामुळे दोघं दिवसातून कितीदा तरी एकमेकांना दिसायचे आणि प्रत्येक वेळी आपापल्या घरात काही तरी विसरल्यासारखे आत वळायचे.

मग कळलं की अण्णा घर भाड्याने देऊन कायमचे मुलाकडे पुण्याला चालले आहेत.

त्या दिवशी संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ त्यांनी माझ्या ऑफिसची चौकशी केली, जी त्यांनी आजवर कधी केली नव्हती. मग म्हणाले, तुमचा माल खराब निघाला तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय लिहिता? मी सांगितलं, गैरसोयीबद्दल रिग्रेट लिहितो. त्यावर गिऱ्हाईक मानतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रिग्रेटने मानत नाही सर, पुढच्या मालात सूट देतो तेव्हा मानतं. सर म्हणाले, सूट कशात देणार?

मग ते स्वतःशीच बोलावं तसं बोलायला लागले. इंग्रजीत 'अपॉलोजाइज' आहे. मराठीत त्याला अर्थ हवे तेवढे. क्षमा आहे, पण ती देवाजवळ मागायची. माफी आहे, ती सरकारकडे मागतात, फीची किंवा कर्जाची. दिलगिरी वर्तमानपत्रवाले छापतात, तीही आतल्या पानावर. सॉरी बसमध्ये पाय पडला की म्हणतात. 'आता तू सांग. माणसानं माणसाला म्हणायचा शब्द कुठला? मी एवढी वर्षं इथे राहतो. कोणी कोणाला म्हटलेला मी ऐकला नाही.'

सरांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि अण्णा पुण्याला गेले तर हे प्रकरण असंच राहणार याची भीतीही वाटली. इतक्या वयाची माणसं, पुन्हा कधी भेटणार?

सरांनी शेवटी त्यांना येतं तेच केलं. दुसऱ्या सकाळी फळ्यावर 'अपॉलोजाइज' आला. अर्थ : माफी मागणे. वाक्य नेहमीपेक्षा लांब होतं आणि ते त्यांनी दोनदा पुसून नीट केलं असावं, कारण फळा तिथे पांढरा झाला होता. आय अपॉलोजाइज टू माय फ्रेंड अंबादास फॉर कॉलिंग हिज लूम्स ऑब्सोलीट व्हेन आय अलोन न्यू दॅट दे वेअर सोल्ड ॲज स्क्रॅप.

वाक्य निर्दोष होतं. माफी मागायची तर कशाची ते पूर्ण सांगून मागायची, मोघम नको, हा सरांचा प्रामाणिकपणा त्यात शब्दाशब्दाला दिसत होता. गल्लीने ते वाचलं. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना ज्यांना येत होतं त्यांनी समजावून सांगितलं. गायकवाड मामांना सरांच्या मोठेपणाने भरून आलं आणि त्यांनी फळ्याचा फोटो काढून, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून ग्रुपवर पाठवला. त्या ग्रुपवर अण्णांचा पुण्यातला मुलगाही होता. दुपारी त्याचा अण्णांना फोन आला. अण्णांच्या खिडकीतून आम्हांला एवढंच ऐकू आलं, 'व्हय. भंगारात. किलोवर.' मग खिडकी लागली.

पहिल्या वाक्याने अण्णांना नुसतं दुखवलं होतं. माफीने त्यांचं होतं नव्हतं ते झाकलेलंही उघडं केलं. मामांना उमजलं तेव्हा त्यांनी फोटो काढून टाकला, पण तोवर गल्लीतल्या सगळ्यांनी तो पुढे पाठवला होता. सरांनी फळा पुसला आणि त्यानंतर त्यावर काही लिहिलं नाही. रोज सकाळी विभूती लावून ते दाराशी यायचे, कोऱ्या फळ्याकडे बघायचे आणि आत जायचे.

अक्का सहसा सरांच्या कामात बोलायच्या नाहीत. अण्णा निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्या बोलल्या. समोर टेम्पो उद्या येणार असं ठरलं होतं, मी वाटी परत द्यायला गेले होते, आणि सर पुन्हा शब्दांवरच आले होते की कुठला वापरला असता म्हणजे बरं झालं असतं. अक्का पोळपाट बाजूला सारून म्हणाल्या, 'शब्द कशाला पाहिजे वो? सगळ्या गल्लीला येतंय ते तुमाला येत न्हाय. जावा आणि चहा मागा.'

आमच्या गल्लीतली ती रीतच आहे. ज्याची चूक झाली त्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचं आणि चहा मागायचा. झाल्या गोष्टीचं नावसुद्धा काढायचं नाही. पाहुण्याला आपण होऊन देतो तो चहा वेगळा, हा तोंडाने मागायचा असतो. समोरच्याने ठेवला तर मिटलं. दूध संपलंय म्हणाला तर अजून वेळ आहे, पुन्हा यायचं. माझ्या सासूबाई आणि गायकवाड मामी यांच्यात अशी दूध संपण्यात एक अख्खा उन्हाळा गेला होता. हे सगळं सरांनी जन्मभर बघितलं होतं, पण त्याला इंग्रजीत शब्द नसल्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नसावं. अक्कांचं ऐकून ते म्हणाले, मला मागता येत नाही. अक्का म्हणाल्या, ते मला लग्नापासून म्हाईत हाय.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरला. कपाट, गाद्या, देवघर, भांड्यांची पोती, सगळं दोरीने बांधून झालं. अण्णांचा मुलगा त्यांना न्यायला आला होता, पुण्याचा रस्ता, ऊन होण्याआधी निघायला पाहिजे म्हणत होता. गल्लीतले सगळे निरोपाला जमले होते. सर धुतलेला पांढरा शर्ट घालून घरातून निघाले, रस्ता ओलांडला आणि अण्णांच्या पायरीवर बसले. आम्ही सगळे टेम्पोपासून बाजूला झालो, कारण बसण्याची ती जागा आम्ही ओळखत होतो.

सरांनी घसा साफ केला. मग अण्णांकडे न बघता म्हणाले, 'अंबादास, चहा टाक की.'

अण्णा टेम्पोची दोरी धरून उभे होते. म्हणाले, 'दूध न्हाय.'

यात खोटं काही नव्हतं. दूध नव्हतं, गॅस कालच देऊन टाकला होता, भांडी पोत्यात होती. पण दूध न्हाय म्हणजे काय हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि पुन्हा यायला आता उद्या नव्हता. मी अक्कांकडे बघितलं, त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. सर उठले नाहीत. म्हणाले, 'असू दे. बसतो.'

मुलाने घड्याळ बघितलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा मागवू का, असं त्याने विचारलं. अण्णा म्हणाले, 'हॉटेलचा न्हाय चालत.' आणि त्यांनी टेम्पोवाल्याला दोरी सोडायला सांगितली. भांड्यांचं पोतं सगळ्यात खाली होतं. गाद्या उतरल्या, कपाट उतरलं, देवघर मामांच्या हातात दिलं. पोतं उघडून अण्णांनी स्वतः पातेलं, गाळणं, चहा-साखरेचे डबे आणि दोन पेले शोधून काढले. मग पातेलं घेऊन ते रस्ता ओलांडून सरांच्याच घरात गेले आणि अक्कांच्या शेगडीवर स्वतःच्या हाताने चहा ठेवला. अक्कांनी दुधाचं भांडं पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. चहा माझ्या घरचा पाहिजे म्हणाले. तो कोरा चहा घेऊन ते पुन्हा रस्ता ओलांडून आले, आपल्या पायरीवर सरांच्या शेजारी बसले आणि एक पेला त्यांच्या हातात दिला.

दोघांनी एकेक घोट घेतला. मग अण्णा म्हणाले, 'वाक्य बरोबर होतं, मल्ल्या. लिहायचं नव्हतं.'

'व्हय,' सर म्हणाले.

सरांच्या तोंडून व्हय हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ते नेहमी 'होय' म्हणायचे, आणि आम्ही व्हय म्हटलं तर दुरुस्त करायचे.

टेम्पो पुन्हा भरायला आम्ही सगळ्यांनी हात लावला. मुलगा वैतागला होता, तरी गाद्या त्यानेच वर चढवल्या. त्या घाईत सगळं वर चढलं, अण्णा पुढे बसले, त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि टेम्पो टाकीपाशी वळून गेला. लोक पांगले. सर रस्त्याच्या मधोमध उभे होते, आणि त्यांच्या हातात येमुलांचा रिकामा पेला तसाच होता.

मी म्हटलं, सर, पेला राहिला की. मामांना फोन करायला सांगते, चौकात थांबवतील.

सरांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, 'नको. मी नेऊन देईन. सकाळी पुण्याला गाडी किती वाजता असते?'

मी सांगितलं, एसटीच्या गाड्या काय, सारख्या सुटत असतात.

'एक पुरे,' म्हणत ते घरात गेले.